जिरलेल्या पाण्याचं गाव

"मांदी दुलू," बू म्हणाल्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. आधी अंघोळ कर.

इंडोनेशियात दारात आलेल्या माणसाला हे सांगतातच. आपल्याकडे "हातपाय धुऊन घ्या" म्हणतात तसं. योग्यकर्ताहून बसनं, मग मैत्रिणीच्या मोटारसायकलवर मागं बसून मी आले होते. अंगावर पांढरी पूड बसली होती. न्हाणीघरात सिमेंटचा हौद काठोकाठ भरलेला, त्यावर प्लास्टिकचा दांड्याचा तांब्या तरंगत होता. मी मनसोक्त अंघोळ केली, केसही धुतले. बाहेर आले तेव्हा हौद अर्धा झाला होता. बूंनी आत डोकावून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणि माझ्या हातात गरम, गोड, दाट चहाचा ग्लास ठेवला.

रात्री मैत्रिणीनं सहज सांगितलं, घरामागच्या टाकीतलं पावसाचं पाणी जूनमध्येच संपलंय. आता टँकर. एक टँकर पाच हजार लिटरचा, आणि मागच्या महिन्यात त्यासाठी एक बोकड विकला.

मी माण तालुक्यातली. दहिवडीच्या पुढच्या एका गावात माझं बालपण टँकरची वाट बघण्यात गेलं. हंडे रांगेत लावून त्यांच्याशेजारी अभ्यास केलेली मुलगी मी. आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन अर्धा बोकड अंगावर ओतून आले होते.

हा २०१९ चा ऑगस्ट. मी योग्यकर्त्याला भाषा शिकायला गेले होते, आणि वर्गातल्या या मैत्रिणीचं माहेर गुनुंग किदुल जिल्ह्यात, तेपुसच्या बाजूच्या एका वाडीत होतं. किदुल म्हणजे दक्षिण. दक्षिणेचे डोंगर. या जिल्ह्याचं मुख्य गाव वोनोसारी. जावाची माणसं 'अ'चा 'ऑ' करतात हे एकदा कळलं की पाट्या वाचायला मजा येते : वोनोसारी म्हणजे वनसारी, शेजारचं वोनोगिरी म्हणजे वनगिरी, आणि सप्तोसारीतला सप्त तर उघडच आहे. तळ्याला ते तलागा म्हणतात, म्हणजे आपलं तडाग. पाण्याला रोजचा शब्द बान्यू, पण वडीलधाऱ्यांशी बोलताना, आदराच्या भाषेत, त्याच पाण्याला म्हणायचं तोया. तोय! जो शब्द मी शाळेत संस्कृतच्या पेपरात समानार्थी म्हणून लिहिला आणि विसरले, तो इथं एक नात आजीला पाणी हवंय का विचारताना वापरत होती.

तर ते डोंगर. नकाशावर या पट्ट्याला गुनुंग सेवू म्हणतात, हजार डोंगर. हजार हा नम्रपणा आहे; मोजणारे सुमारे ४०,००० सांगतात. योग्यकर्ता, मध्य जावा आणि पूर्व जावा अशा तीन प्रांतांत, पार पाचितानपर्यंत हा पट्टा पसरलाय आणि २०१५ पासून तो युनेस्कोचा जागतिक भूउद्यान आहे. डोंगर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे रांग येते, कडा येतो, माथ्याचं पठार येतं. इथं तसलं काहीच नाही. भाताच्या मुदी पाडून ठेवाव्यात तशा एकसारख्या गोल टेकड्या, एकीला लागून दुसरी. मधे वाटीसारखी लाल मातीची खळगी, त्यात शेत. रस्ता सरळ जाऊच शकत नाही, मुदीमुदीला वळसे घालतो. नदी मात्र कुठंच नाही. पहिल्या दिवशी काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, इतकं मोटारसायकलवर फिरलो आणि एकही पूल ओलांडला नाही.

आणि तरी पाऊस कमी नाही हो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. माणला पाचशे झाला तर आम्ही पेढे वाटू. नोव्हेंबर ते एप्रिल इथं आभाळ कोसळतं, आणि जुलैमध्ये टँकर लागतो.

आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "पाणी अडवा, पाणी जिरवा." त्या वाक्यावर आमचा वेदवाक्यासारखा विश्वास. वडील दरवर्षी बांध घालायला जायचे. काळ्या पाषाणाच्या देशात ते बरोबरच आहे. तिथं पाणी सावकाश मुरतं, फटींत, मुरमात थांबतं, विहिरीला पाझरतं. गुनुंग सेवूत मात्र जिरण्याचाच रोग आहे. ही सगळी जमीन एकेकाळी समुद्राखाली होती. प्रवाळांनी आणि शिंपल्यांनी बांधलेली चुनखडी, लाखो वर्षांत वर उचलली गेली. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि चुनखडी त्यात विरघळते. फट रुंदावते, फटीचं भगदाड होतं, भगदाडाची गुहा, गुहेतून वाहणारी नदी. वर पडलेलं पाणी थांबतच नाही. कुठं पाणी मुरतंय असा संशय आपण मराठीत घेतो. इथं सगळीकडेच मुरतंय आणि संशयाला जागाच नाही. शंभर मीटर खाली नद्या वाहताहेत आणि वर बाई बोकड विकते आहे.

या उभ्या भगदाडांना ते लुवेंग म्हणतात. जोम्ब्लांग नावाच्या लुवेंगमध्ये पर्यटकांना दोरानं खाली सोडतात, तळाशी जंगल आहे, उन्हाचा झोत येतो, फोटो सुंदर निघतात. मी गेले नाही. पैसे नव्हते हे एक, आणि माझ्या मैत्रिणीला त्याचं अजिबात कौतुक नव्हतं हे दुसरं. ती म्हणाली, आमच्याकडे लुवेंग म्हणजे जिथं जनावर पडलं की परत मिळत नाही.

खालची नदी वर आणण्याचे प्रयत्न झालेत. ब्रिबीनच्या गुहेत जर्मनीतल्या कार्ल्सरूह विद्यापीठाच्या अभियंत्यांनी इंडोनेशियन सहकाऱ्यांबरोबर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर, नदीला चक्क बांध घातला. युक्ती अशी की वाहत्या पाण्याच्याच जोरावर पंप फिरावेत आणि त्यातलंच थोडं पाणी वर डोंगरावरच्या टाकीत चढावं. वीज नको, डिझेल नको. २०१० च्या सुमारास ते काम पूर्ण झालं. मला हे वाचून फार आनंद झाला होता. बूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हो, नळ आलाय की आपल्याकडेही, दाखवते. दाखवला. अंगणाच्या कडेला मीटरसकट नळ होता, त्याच्या तोटीवर कोळ्यानं जाळं विणलेलं. येतो कधी कधी, त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, जसा एखादा लांबचा नातेवाईक येतो कधी कधी. खेड्यापर्यंत पोचता पोचता पाइप टेकड्या चढतो, उतरतो, आणि शेवटच्या वाडीला शेवटचं उरतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नळांच्या आधी गावाचं पाणी म्हणजे तलागा. खळग्याच्या तळाशी चिकणमातीचा थर बसला की फटी बुजतात आणि पावसाचं पाणी साचतं. त्यावर गाव अंघोळ करी, गुरं धुई, पिई. वाडीच्या तलागाच्या काठी वडाच्या जातीचं एक अवाढव्य झाड आहे, बेरिंगिन, त्याच्या मुळांशी सुकलेल्या फुलांचा द्रोण होता. तळ्यात मात्र पाणी नव्हतं. कोरड्या तळ्यात मुलं फुटबॉल खेळत होती आणि सतरा ऑगस्ट जवळ आल्यामुळे काठाकाठानं लाल-पांढऱ्या पताका लावलेल्या. (आपल्यानंतर दोन दिवसांनी त्यांचा स्वातंत्र्यदिन.) पूर्वी हे तळं आटत नसे, असं म्बाह म्हणाल्या, म्हणजे मैत्रिणीची आजी. मग ते खोल करायला यंत्र आलं. गाळ उपसला, कडेनं सिमेंटची भिंत बांधली, सगळं कसं नीट झालं. त्यानंतर पाणी राहीना. यंत्रानं गाळ म्हणून जो उपसला तोच तळ्याचा तळ होता. अशी गोष्ट या जिल्ह्यात एका तलागाची नाही, अनेकांची सांगतात. आमच्याकडे गाळ काढला की तळं सुधारतं. मी तिथं काही बोलले नाही.

म्बाहचं वय त्यांनाही ठाऊक नव्हतं. जन्म पोनचा की वागेचा, एवढं ठाऊक होतं. जावात सात वारांबरोबर पाच दिवसांचा आणखी एक आठवडा चालतो : लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आठवडी बाजार या पाचांच्या हिशेबानं भरतो. शेतीचंही वेगळं पंचांग आहे, प्रनाता मांग्सा. सुराकार्ताचा राजा सातवा पाकुबुवोनो यानं ते १८५५ मध्ये नीट बांधून दिलं. बारा ऋतुमास, पहिला २२ जूनला सुरू, आणि एकेकाची लांबी वेगळी, कुठं तेवीस दिवस तर कुठं त्रेचाळीस. त्यात आपली नावं भेटतात, पण भलत्याच जागी. कार्तिक आहे जूनअखेरीस, पानगळीत. श्रावण येतो मार्चच्या शेवटी, आणि तोही पाऊस सरायच्या बेतात असताना. कुणीतरी आपलं सामान दुसऱ्या घरात नेऊन लावावं आणि देव्हाऱ्याच्या जागी उखळ ठेवावं, तसं वाटलं. प्रत्येक मासाला एक ओळ असते. मी गेले तेव्हा दुसरा, कारो, चालू होता. त्याची ओळ म्हणजे फक्त 'भूमी भेगाळली'.

सागाची पानं गळत होती. टेकड्यांवर बहुतेक साग, जाती म्हणतात त्याला, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ खरा, अस्सल. घरंही सागाची, उतरत्या कौलांची, आत गारवा. घराशेजारी गोठा. गोठ्याचं इथं इतकं महत्त्व की दिवसाचं निम्मं काम गुरांसाठी गवत आणणं हेच. कोरड्या दिवसांत तेही मिळत नाही, मग वैरणीचे भारे विकत आणतात. गाय म्हणजे बँकेतली ठेव. पोराच्या शाळेची फी आली की शेळी जाते, लग्न निघालं की गाय.

पेरणीबद्दल विचारलं तेव्हा मात्र मी उडालेच. ऑक्टोबरात, पहिल्या पावसाच्या आधी, कोरड्याठाक मातीत भात टोकतात. त्याला शब्द आहे न्गावू-आवू. आवू म्हणजे राख. राखेत पेरणं. आपली धूळपेरणी! मी बूंना सांगितलं की माझे वडीलही अशीच धुळीत पेरतात, आभाळावर भरवसा ठेवून. त्यांनी विचारलं, आणि नाही आला तर? मी म्हटलं, दुबार. तो शब्द मी मराठीतच म्हटला, त्यांना कळला की नाही कोण जाणे, पण त्या हसल्या.

भाताबरोबर मका, आणि मक्याच्या ओळींमधून कसावा. भात आपला नशिबाचा, कसावा भरवशाचा. जुलै-ऑगस्टात तो खणतात, सोलतात, आणि कंदाचे पांढरे तुकडे मिळेल तिथं वाळत घालतात : कुंपणाच्या दगडांवर, कौलांवर, डांबरी रस्त्याच्या कडेला. मोटारसायकली त्यांना चुकवत जातात. वाळला की तो गाप्लेक. कुटून, पाण्याचा हबका मारून, बांबूच्या निमुळत्या टोपलीत उकडला की तिवूल. करड्या-तपकिरी रंगाचा, रव्यासारखा मोकळा, थोडा चिकट. वर खवलेला नारळ, किंवा झणझणीत मिरचीची भाजी आणि खारवलेला मासा. मला आवडला. उपासाच्या साबुदाण्याचा हा सख्खा भाऊ, एकाच कंदाची लेकरं. फक्त एकाला आपण देवाच्या नावानं खातो.

म्बाह तिवूल खात नव्हत्या. आयुष्यभर तेच खाल्लं म्हणाल्या. साठच्या दशकात या भागानं खरी भूक पाहिली, तेव्हा तिवूलही मिळाला तर मिळाला. त्यामुळे त्यांच्या लेखी भात म्हणजे बरे दिवस, आणि पाहुणीला कुणी तिवूल वाढतं का, यावर त्या सुनेला दोनदा बोलल्या. वोनोसारीत मात्र तोच तिवूल रंगीत खोक्यांत, चॉकलेटच्या चवीचाही, भेटवस्तू म्हणून विकायला असतो. शेजारी तळलेले नाकतोडे डब्यांत. पुणेकरांनी बाजरीच्या भाकरीला ताटात मानाची जागा दिली तेव्हा माझी आजी अशीच चक्रावली होती. (नाकतोडे खाल्ले. कुरकुरीत. पहिला अवघड.)

माझ्या मुक्कामातच गावचं रासुलान होतं. सुगीनंतरचा वार्षिक उत्सव, आपल्या गावजत्रेसारखा. प्रत्येक घरी रांधलेलं, कुणीही कुणाच्याही घरी शिरावं आणि जेवावं. शेतमालाचा डोंगर रचून मिरवणूक. या गावाची निम्मी तरणी माणसं जकार्तात असतात, बांधकामावर, घरकामाला, बाक्सो म्हणजे मांसाच्या गोळ्यांचं सूप विकायला गाड्यावर. वोनोगिरीची माणसं तर त्या धंद्यात देशभर प्रसिद्ध आहेत. ईदला येतात तशीच रासुलानलाही येतात. आमची मुंबईची माणसं यात्रेला येतात, तेव्हा एसटी स्टँडवर जे दिसतं, तेच इथं दिसलं : नवे बूट, मोठ्या आवाजातलं बोलणं आणि दोन दिवसांनी उदास होणारे चेहरे. गल्लीत नव्या कारा लागल्या होत्या. आणि पाण्याचे चार टँकर एकाच दिवशी आले, गावानं मिळून मागवलेले.

रात्री वायांग. पांढऱ्या पडद्यावर चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या, मागं गामेलान वाद्यवृंदाचा नाद, एकटा दालांग पहाटेपर्यंत सगळे आवाज काढतो. त्या रात्रीचा खेळ देवा रुचीचा होता. ही गोष्ट आपल्या महाभारतात नाही. गुरू दुर्ना, म्हणजे आपले द्रोण, भीमाला सांगतात की जा, तीर्त पवित्र घेऊन ये, निर्मळ पाणी, जीवनाचं पाणी. मनात हेतू हा की तो मरावा. आधी सांगतात, ते एका डोंगरातल्या गुहेत आहे. भीम डोंगर उलथापालथा करतो, दोन राक्षसांशी लढतो, पाणी नाही. परत येतो. मग सांगतात, ते समुद्रात आहे. भीम समुद्रात शिरतो, नागाला मारतो, आणि तिथं त्याला त्याच्यासारखाच दिसणारा, पण इवलासा देव भेटतो, देवा रुची. तो म्हणतो, माझ्या डाव्या कानातून आत ये.

जाणकार याचा अर्थ अध्यात्मात सांगतात, आणि तो बरोबरच असेल. पण मी त्या रात्री चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, आणि माझ्या मनात फक्त वाट होती. डोंगर, गुहा, समुद्र. गुनुंग किदुलच्या पाण्याची वाट हुबेहूब हीच. भीमाला जिथं जिथं धाडलं, तिथं तिथं इथलं पाणी जातं. इथल्या मातीवर बसून ही गोष्ट ऐकणाऱ्याला दुर्नाचा कपटीपणा वेगळाच लागत असणार. कारण तो खोटं बोलत नव्हता, पाणी खरंच तिथं होतं. शेजारच्या आजोबांना मी मोडक्या भाषेत हे सांगायचा प्रयत्न केला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, भीमाकडे पंप नव्हता. आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले.

परतायच्या आदल्या दिवशी बू म्हणाल्या, चल, तुला दाखवते पाणी कुठं जातं ते. आम्ही बारोनला गेलो. मोटारसायकलवर पाऊण तास. टेकड्यांमधून वळत वळत गेल्यावर अचानक निळा समुद्र, दोन कड्यांमधली छोटी खाडी, रंगीत होड्या. जायच्या आधी त्यांनी माझे कपडे नीट तपासले. दक्षिण समुद्राची राणी न्याई रोरो किदुल हिला हिरवा रंग प्रिय. हिरवं घालून गेलेल्याला ती ठेवून घेते. कपडे चालण्यासारखे होते. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. आईनं निघताना भरलेल्या दोन हिरव्या काचेच्या बांगड्या. त्या काढायच्या नाहीत, असं आईनं बजावलेलं. मी ते सांगितलं. बूंनी विचार केला. दोन आयांचा प्रश्न होता. शेवटी म्हणाल्या, समुद्रात हात घालू नकोस म्हणजे झालं.

खाडीच्या पश्चिम टोकाला, कड्याच्या पायथ्याशी, खडकाखालून नदी बाहेर येते. कुठल्याही खोऱ्यातून न येता, उगम न दिसता, एकदम पूर्ण नदी. वाळूतून पन्नासेक पावलं वाहते आणि संपते. लाट आत येते तेव्हा खारं आणि गोडं पाणी एकमेकांवर चढतं, रंगाची रेघ दिसते. पोरं त्यात डुंबत होती. २०१७ च्या नोव्हेंबरात चेम्पाका चक्रीवादळ आलं, तेव्हा गुनुंग सेवूतली खळगी तळ्यांसारखी भरली, वाड्या पाण्यात गेल्या. भगदाडं सगळं गिळू शकली नाहीत. एरवी सगळं इथून असं गुपचूप निघून जातं. त्यात लुवेंगमध्ये फेकलेलं प्लास्टिकही आलं, गोठ्याचं शेणही आलं. चुनखडी गाळून देत नाही, नुसती पोचवते.

मी काठावर उभी राहिले, हात मागं बांधून.

"नदीत घाल की," बू म्हणाल्या. "ती अजून राणीची झाली नाही."

मी बांगड्यांसकट कोपरापर्यंत हात बुडवले. थंडगार. जीभ लावली, मिठाचा मागमूस नव्हता. बूंनी सारोंग गुडघ्यापर्यंत खोचला आणि पाण्यात उतरल्या, आधी गुडघाभर, मग कमरेएवढ्या, मग सरळ बसल्याच. केस सोडले. त्यांना असं मी पहिल्यांदाच बघत होते. पोरं त्यांच्यावर पाणी उडवायला लागली, तर त्यांनी दुप्पट उडवलं. मग मीही उतरले. ऊन कलेपर्यंत आम्ही निघालो नाही.

घरी पोचलो तेव्हा वाटेतली पांढरी पूड पुन्हा अंगावर बसली होती. म्बाह ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मला बघताच म्हणाल्या, "मांदी दुलू."

"झाली म्बाह," मी म्हटलं. "बारोनला."

त्यांनी बूंच्या ओल्या केसांकडे पाहिलं, मग माझ्या. न्हाणीच्या दाराशी माझ्यासाठी काढून ठेवलेली बादली होती. बूंनी ती उचलली आणि गोठ्यात नेऊन गाईपुढे ठेवली.